सुरांची स्थित्यंतरे

इंद्राने आपला पुत्र विश्वरूप मारला म्हणून त्वष्टा संतापला आणि इंद्राला वगळून त्याने सोमयाग आरंभिला. उरलेला सोम अग्नीत टाकताना त्याने आहुतीसोबत एक सामासिक शब्द उच्चारला: इंद्रशत्रु. इंद्राला मारणारा वीर ह्या अग्नीतून वाढावा, असा त्याचा हेतू होता. हेतूप्रमाणे शब्दाचे शेवटचे अक्षर उंच सुरात यावयास पाहिजे होते. त्वष्ट्याच्या मुखातून पहिले अक्षर उंच गेले. शब्द तोच राहिला, अक्षरेही तीच राहिली. परंतु तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि ‘इंद्राला मारणारा’ ह्याच्या ऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’ असा अर्थ उभा राहिला. यज्ञातून वृत्र उत्पन्न झाला खरा, पण इंद्राच्या हातून मरण्यासाठी. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच, व्याकरण का शिकावे हे सांगताना, ह्या कथेचा दाखला दिला आहे.

कथा म्हणून ती कोणी मानो वा न मानो, तिच्यातील भाषेविषयीची माहिती अगदी खरी आहे. एके काळी ह्या देशातील आर्यभाषेत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलत असे. ‘राजपुत्र’ ह्या शब्दाचे अंत्य अक्षर उदात्त असले तर तो राजाचा मुलगा. आद्य अक्षर उदात्त असले तर ज्याचा मुलगा राजा आहे असा पुरुष. आज मराठी बोलणारा मनुष्य ‘राजपुत्र’ हा शब्द कोणत्याही सुरात उच्चारो, ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ एकच उमटतो. मधल्या काळात काय घडले, आणि जगात इतरत्र असे सूर कसे जन्मतात, बदलतात व नाहीसे होतात, हा भाषेच्या इतिहासातील एक मोठा मनोवेधक भाग आहे.

आरंभी शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. वैदिक परंपरा उच्चाराच्या ह्या चढउतारास ‘स्वर’ म्हणते. पण अ, इ, उ ह्या वर्णांनाही मराठीत स्वर असेच नाव आहे. म्हणून येथे अक्षराच्या उंचसखलपणास ‘सूर’ म्हणावे आणि अ, इ, उ इत्यादिकांपुरता ‘स्वर’ हा शब्द ठेवावा, हे सोयीचे होईल.

वैदिक भाषेत सूर तीन मानीत. उंच तो उदात्त, नीच तो अनुदात्त, आणि दोहोंच्या संयोगाने होणारा तो स्वरित. पाणिनीने ह्या तिन्हींची लक्षणे सांगितली इतकेच नव्हे, तर कोणता प्रत्यय लागला असता कोणते अक्षर उदात्त होते ह्याचे नियम शेकडो सूत्रांत बांधले. पाणिनीच्या काळी हे सूर केवळ वेदपाठात नसून बोलण्यातही होते, असे त्याच्या नियमांवरून अनुमान निघते. कारण त्याचे पुष्कळ नियम रोजच्या व्यवहारातील शब्दांसंबंधी आहेत.

हे सूर किती प्राचीन होते, ह्याची साक्ष दूरच्या युरोपातून मिळाली. जर्मन भाषेत पित्याला ‘फाटर’ आणि भावाला ‘ब्रूडर’ म्हणतात. संस्कृतात ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ ह्या दोन्ही शब्दांत एकच ‘त’ आहे. मग जर्मन भाषेत एकीकडे ‘ट’ आणि दुसरीकडे ‘ड’ का व्हावा? कित्येक वर्षे हा अपवाद विद्वानांस सतावीत होता. १८७५ साली कार्ल व्हेर्नर ह्या डॅनिश पंडिताने त्याचा उलगडा केला. वेदात ‘भ्रातृ’ शब्दाचे पहिले अक्षर उदात्त आहे आणि ‘पितृ’ शब्दाचे दुसरे. उदात्त सूर व्यंजनाच्या अगोदर आला की त्याचा उच्चार एका वाटेने गेला, नंतर आला की दुसऱ्या वाटेने. जर्मन लोकांच्या पूर्वजांच्या तोंडचे ते सूर केव्हाच लोपले होते. पण त्यांच्या पाऊलखुणा व्यंजनांत राहिल्या होत्या, आणि त्या ओळखण्याची किल्ली मात्र वेदपाठकांनी जतन केली होती. सुरांच्या इतिहासातील पहिला धडा येथे मिळतो. सूर जातो तेव्हा तो नेहमीच रिकाम्या हाताने जात नाही. कित्येकदा आपली आठवण तो दुसऱ्या ध्वनीच्या स्वाधीन करून जातो.

मग मराठीत अशी काही आठवण राहिली आहे काय? प्राकृत भाषांच्या काळापर्यंत अर्थ बदलणारे सूर बोलण्यातून गेले होते. परंतु त्यांची छाया शब्दांच्या रूपांवर पडली असावी, असे काही पंडितांस वाटले. प्राकृत शब्दांतील स्वरांची काटछाट जुन्या वैदिक सुरांमुळे झाली असे पिशेलचे मत होते. नव्या प्रकारच्या आघातामुळे झाली असे याकोबीचे. १९१६ साली राल्फ टर्नर ह्याने हा वाद थेट मराठीच्या अंगणात आणला. मराठीच्या शब्दांत प्राचीन सुरांचे अवशेष सापडतात आणि गुजरातीत ते सापडत नाहीत, असे त्याने प्रतिपादन केले. मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंच भाषेत मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या ज्यूल ब्लॉकला ते पटले नाही. त्याच्या मते मराठीतील स्वरांचे ह्रस्वदीर्घत्व अक्षराच्या शब्दातील जागेवरून ठरते. त्यासाठी वेदांपर्यंत मागे जाण्याची गरज नाही. ब्लॉकचा हा ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी १९४१ साली मराठीत आणला.

ब्लॉक जिच्याकडे बोट दाखवितो ती गोष्ट प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर आहे. ‘मूल’ म्हणताना ऊ दीर्घ असतो. ‘मुलाला’ म्हणताच तो ह्रस्व होतो. ‘फूल’ आणि ‘फुलाचा’, ‘दूध’ आणि ‘दुधात’, ‘कीड’ आणि ‘किडीने’ ह्या जोड्यांतही तेच. शब्दाला शेपूट फुटले की भार पुढे सरकतो आणि मागील स्वर आखडतो. हा भार उंच सुराचा नव्हे, जोराचा आहे. वैदिक काळी उंचीने जे काम होत होते ते मराठीत कोणी केले, असे विचारले तर उत्तर असे की, ते काम समासांच्या रचनेने, शब्दयोगी अव्ययांनी आणि वाक्याच्या संदर्भाने वाटून घेतले. सूर अनावश्यक झाले आणि गेले.

सूर असे जातात. पण ते येतात कोठून? ह्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर ताई भाषांच्या इतिहासात मिळते. सयाम, म्हणजे आजचा थायलंड, लाओस, ब्रह्मदेशातील शान प्रांत, दक्षिण चीनचा क्वांग्सी प्रदेश आणि आपल्या देशातील आसामचा पूर्व कोपरा, एवढ्या विस्तारात ह्या भाषा पसरल्या आहेत. त्यांत शब्द बहुधा एकाक्षरी असतात आणि प्रत्येक अक्षराला नेमलेला सूर असतो. बँकॉकमध्ये ‘मा’ हे अक्षर मध्यम सुरात म्हटले तर त्याचा अर्थ ‘येणे’, उंच सुरात म्हटले तर ‘घोडा’, आणि खालून वर चढविले तर ‘कुत्रा’.

निरनिराळ्या ताई भाषांची तुलना करून ली फांग-क्वेइ, विल्यम गेडनी आदी पंडितांनी मूळ ताई भाषेचे जे चित्र काढले, त्यात सूर तीनच आहेत. क, त, प ह्यांसारख्या व्यंजनांत संपणाऱ्या अक्षरांना तर सुराचा भेदच नव्हता. उलट व्यंजने पुष्कळ होती. संस्कृत व्याकरण ज्यांना घोष आणि अघोष म्हणते, ते दोन्ही वर्ग तेथे नांदत होते: क तसा ग, त तसा द, प तसा ब. अनुनासिकांतही असाच भेद होता. एक साधा ‘म’, आणि दुसरा ‘ह’च्या श्वासाने आरंभ होणारा ‘ह्म’. त्या काळी ‘येणे’ आणि ‘कुत्रा’ ह्या दोन्ही शब्दांचा सूर एकच होता. भेद होता तो व्यंजनाचा: एक ‘मा’, दुसरा ‘ह्मा’.

पुढे काय झाले ते समजण्यासाठी कंठाच्या एका स्वभावाकडे लक्ष दिले पाहिजे. घोष व्यंजन उच्चारताना कंठातील तंतू कंप पावतात, आणि त्यामागून येणारा स्वर किंचित खालच्या उंचीवर सुरू होतो. अघोष व्यंजनामागून तो किंचित वर सुरू होतो. मराठीत ‘पाट’ आणि ‘बाट’ म्हणतानाही हा फरक घडतो. परंतु तो इतका सूक्ष्म असतो की कानाला त्याची दखल घ्यावी लागत नाही, कारण ‘प’ आणि ‘ब’ हे स्वतःच वेगळे ऐकू येतात. ताई भाषांत मात्र घोष व्यंजनांचा घोष हळूहळू विरत गेला. ‘ब’ आणि ‘प’ ह्यांतील अंतर जसजसे मिटत चालले, तसतसे कान त्या सूक्ष्म उंचसखलपणावर विसंबू लागले. व्यंजनाच्या सावलीसारखा जो सूर होता तो व्यंजन गेल्यावर स्वतः उभा राहिला. तीन सुरांचे प्रत्येकी दोन झाले, आणि तीनांचे सहा.

ही घटना केवळ अनुमानाची नाही. तिची साक्ष सयामी लिपीत आहे. राजा रामखाम्हेंग ह्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला, इसवी सन १२९२ हे वर्ष ज्यावर आहे असा सुखोथाईचा शिलालेख १८३३ साली राजपुत्र मोंगकुट ह्याला सापडला. त्याची लिपी भारतीय लिप्यांच्या वंशातील आहे. तिच्यात ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ ह्या क्रमाची अक्षरे आहेत, आणि ‘कुत्रा’ हा शब्द ‘ह’ आणि ‘म’ ही दोन अक्षरे जोडून लिहिला जातो. आजच्या बँकॉकमध्ये ‘ग’च्या जागचे अक्षर ‘ख’ असे उच्चारले जाते आणि ‘ब’च्या जागचे ‘फ’ असे. बुद्धाचे नाव तेथे उंच सुरातील ‘फुत्’ असे ऐकू येते. जर लिपी स्वीकारली तेव्हाच हे उच्चार एक झाले असते, तर एकाच ध्वनीसाठी दोन दोन अक्षरे ठेवण्याचे कारण नव्हते. अर्थात सुरांचे दुभंगणे लिपीच्या नंतरचे आहे. लिपी जुन्या व्यंजनांना धरून राहिली, आणि वाचणाऱ्याने अक्षर पाहून आता व्यंजनाऐवजी सूर ओळखावा अशी व्यवस्था आपोआप झाली. सुरांच्या चिन्हांची नावे तर मराठी माणसाला ओळखीची वाटतील: एक, थो, त्री, चत्तवा. संस्कृत-पाली संख्यावाचकांनीच सयामी पंतोजींनी आपले सूर मोजले.

दुभंगलेले सूर तसेच राहिले असेही नाही. बँकॉकच्या बोलीत सहांपैकी दोन पुन्हा एकत्र आले. ‘मोल’ आणि ‘सेवक’ हे दोन शब्द मुळात व्यंजनानेही वेगळे होते आणि सुरानेही. आज दोन्ही उतरत्या सुरात ‘खा’ असेच ऐकू येतात आणि फक्त लिहिण्यात वेगळे राहतात. म्हणून बँकॉकचे सूर पाच, तर चियांगमाईकडील बोलीचे सहा. शिवाय एकाच सुराचे वळणही पिढ्यांमागून बदलते. बँकॉकमध्ये जन्मलेल्या आणि पुढे कॅलिफोर्नियात अध्यापक झालेल्या कॉर्नेलियस ब्रॅडलीने १९११ साली सयामी सुरांचे आलेख प्रसिद्ध केले. ते आजच्या मोजमापाशी ताडून पाहता, ज्यास उंच सूर म्हणतात तो आता आरंभी उंच नसून शेवटाकडे वर चढतो असे दिसते. नाव ‘उंच’च राहिले, उंची मात्र अक्षराच्या शेपटाकडे सरकली.

असाच पालट आपल्याकडील वेदपाठातही झालेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उदात्त म्हणजे उंच, असे पाणिनी सांगतो. ऋक्प्रातिशाख्यात मात्र स्वरिताचा आरंभीचा अंश उदात्ताहूनही वर असतो असे म्हटले आहे. महाराष्ट्रातील ऋग्वेदी वैदिकांचे पठण ऐकले तर सर्वांत उंच लागतो तो स्वरित. उदात्त मध्यावर राहतो. पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरिताच्या माथ्यावर उभी रेघ असते, आणि उदात्ताला काहीच खूण नसते. शिखर एका अक्षरावरून पुढच्या अक्षरावर सरकले, नावे आपल्या जागी राहिली. जी परंपरा एक मात्रा चुकू देत नाही, तिच्यातही सूर चालत राहिला. तथापि तो सुसंगतपणे चालला, म्हणून मूळ व्यवस्था आजही परत काढता येते.

ताई भाषांत जे घडले ते फक्त पूर्वेकडील एकाक्षरी भाषांतच घडते असा समज पुष्कळ दिवस होता. तो खोटा ठरविणारे उदाहरण पंजाबात आहे, आणि मराठी माणसाला ते परके नाही. नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या पंजाबातील वास्तव्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. गुरुमुखीत घुमान हा शब्द ‘घ’नेच लिहितात. परंतु पंजाबी माणसाच्या तोंडून निघतो तो ‘घ’ नव्हे. घ, झ, ढ, ध, भ ह्या पाच घोष महाप्राण वर्णांचा घोष आणि श्वास पंजाबीने शब्दारंभी टाकून दिला. उरले क, च, ट, त, प, आणि त्यांच्यामागे एक नीच सूर. ‘घोडा’ हा शब्द तेथे नीच सुरातील ‘कोडा’ होतो. साध्या सुरातील ‘कोडा’ म्हणजे चाबूक, आणि उंच सुरातील ‘कोडा’ म्हणजे कुष्ठरोगी, कारण त्या शब्दात ‘ढ’ मागाहून येत होता. ‘भाई’ची ‘पाई’ होते, पण नीच सुराची. ग्रॅहम बेली ह्याने १९१४ साली पंजाबी उच्चारांचे पुस्तक काढून हे सूर नीट नोंदविले. वैदिक सूर हरवून बसलेल्या आर्यभाषेच्या एका शाखेत नवे सूर जन्मास आले, आणि ते जुन्यांचे वंशज नव्हते. ते हरवलेल्या महाप्राणांचे वारस होते.

महाप्राण मराठीनेही कमी टाकलेले नाहीत. ‘हस्त’चा प्राकृतात ‘हत्थ’ झाला. हिंदीने ‘हाथ’ ठेवला, मराठीने ‘हात’ केला. ‘भूख’ची ‘भूक’ झाली, ‘सांझ’ची ‘सांज’, ‘समझ’ची ‘समज’. पंजाबी मनुष्यही ‘समझ’मधील ‘झ’ टाकतो, परंतु त्या जागी उंच सूर ठेवतो. मराठी मनुष्य ठेवीत नाही. ह्याचे एक कारण उघड आहे. मराठीने श्वास टाकला तो मुख्यतः शब्दाच्या मध्यान्ती. शब्दारंभीचे ‘धार’ आणि ‘दार’, ‘भार’ आणि ‘बार’ हे भेद जसेच्या तसे राहिले. ज्या ठिकाणी अर्थाचा गोंधळ सर्वांत अधिक व्हावयाचा, तेथे व्यंजनेच शाबूत असल्यामुळे सुराला पुढे येण्याचा प्रसंग आला नाही.

‘ह’कार आणि महाप्राण ह्यांची निरनिराळी गत शेजारी शेजारी ऐकावयाची असेल तर ताप्तीच्या खोऱ्यासारखे स्थान नाही. नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव घ्यावे. कदमबांडे सरदारांच्या घराण्याशी निगडित असलेले हे गाव सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या वाटेवर आहे. १९९८ साली स्वतंत्र झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात मराठीबरोबर अहिराणी आहे, सातपुड्याकडे व पश्चिमेकडे भिल्ली बोली आहेत, आणि गुजराती सीमा जवळ असल्यामुळे गुजरातीचाही वावर आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही; १९०७ साली निघालेल्या भागात ती भिल्ली बोलींच्या पंक्तीला बसविली आहे. त्यावर पुष्कळ वाद झाला. पण ह्या प्रदेशात ध्वनींचे प्रवाह कसे एकमेकांत मिसळतात हे त्यावरून कळते. ‘डोळा’ येथे ‘डोया’ होतो आणि ‘काळा’ ‘काया’ होतो. रनाळे ह्या नावाच्या शेवटी जो ‘ळ’ आहे, त्याचीही अहिराणी जिभेवर हीच वाट असते.

‘ह’काराचे पाहू गेल्यास, मराठी ‘बहीण’ म्हणते आणि ‘ह’ स्पष्ट ठेवते. गुजराती तोच शब्द ‘ब्हेन’सारखा उच्चारते, तेथे ‘ह’ वेगळा राहत नाही, तो सगळ्या स्वरात भिनतो आणि स्वर श्वासाळलेला होतो. गुजराती वैयाकरण त्याला हश्रुती म्हणतात. ती लिहावी की नाही ह्याविषयी कवी नर्मदाच्या काळापासून गुजरातेत वाद चालला होता. १९२९ च्या जोडणीकोशाने ‘मारुं’, ‘तारुं’ अशा शब्दांत ती न लिहिण्याचा निवाडा दिला. पुष्कळ भिल्ली बोलींत तर ‘स’चा ‘ह’ होतो आणि मूळचा ‘ह’ गळून पडतो. म्हणजे एकच श्वास कोठे टिकतो, कोठे स्वरात विरघळतो, कोठे नाहीसा होतो. रनाळ्याच्या आसमंतात अर्थ बदलणारा सूर नाही. परंतु सूर ज्या सामग्रीतून जन्मतात ती सारी सामग्री तेथे रोजच्या बोलण्यात हाताशी आहे. ताई आणि पंजाबी ह्यांच्या इतिहासाचा आरंभही अशाच घडामोडींनी झाला.

ह्याच सातपुड्याच्या रांगेने पूर्वेस गेले असता महाराष्ट्राच्या सीमेतच खरा सूर भेटतो. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आणि त्याला लागून असलेल्या मध्यप्रदेशात कोरकू लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषिकांची संख्या सव्वासात लाखांच्या घरात होती. त्यांची भाषा मुंडा कुळातील. जॉन ड्रेक ह्याने १९०३ साली तिचे व्याकरण छापले. १९०६ च्या भाषापाहणीत तिचा समावेश झाला. परंतु कोरकूत एक नीच सूर आहे आणि तो शब्दाशब्दांत भेद करतो, ह्याची पद्धतशीर मांडणी नॉर्मन झाईड ह्या अमेरिकन पंडिताने १९६० नंतर केली. जो कान सूर ऐकण्यास शिकलेला नाही, त्याला समोर असलेला सूरही कागदावर उतरविता येत नाही.

कोरकूच्या दूरच्या नात्यात व्हिएतनामी भाषा येते, आणि तिच्याविषयी झालेली चूक ह्या संदर्भात बोधप्रद आहे. व्हिएतनामीत सहा सूर आहेत म्हणून आंरी मास्पेरो ह्या फ्रेंच विद्वानाने १९१२ साली तिचे नाते ताई भाषांशी जोडले. १९५४ साली ओद्रिकूर ह्याने दाखविले की तिच्यात मुळी सूरच नव्हते. शब्दान्तीची काही व्यंजने गळाली तेव्हा तीन सूर आले. पुढे शब्दारंभीच्या घोष-अघोषांचा भेद मिटला तेव्हा तीनांचे सहा झाले. तेव्हा सूर हे कुळाचे लक्षण नव्हे. तो भाषेच्या आयुष्यातील एक प्रसंग आहे, आणि तो कोणत्याही कुळात घडू शकतो.

प्रसंग घडतो तसा सरतोही, आणि सरताना जपणूक झाली नाही तर काय गमावते, ह्याचा दाखला ताई भाषांच्याच भारतातील शाखेने ठेवला आहे. इसवी सन १२२८ मध्ये सुकाफा हा राजपुत्र पाटकाईचे डोंगर ओलांडून आसामात उतरला. त्याच्या आहोम वंशाने जवळजवळ सहाशे वर्षे राज्य केले. आहोम लोकांना इतिहास लिहिण्याची हौस दांडगी होती. त्यांच्या बुरंज्या म्हणजे बखरीच होत. पण आहोम लिपीत सुराला खूण नव्हती. बोलणारी तोंडे होती तोपर्यंत खुणेची गरजही नव्हती. अक्षर पाहताच वाचणारा सूर स्वतःच भरीत असे. पुढे राजदरबार आणि प्रजा असमिया बोलू लागली. आहोम भाषा पुरोहितांच्या पोथ्यांत उरली, आणि त्यांच्याही तोंडचे सूर असमियाच्या सपाट उच्चारात बुडाले.

परिणाम असा की, पोथीत ‘मा’ लिहिलेले दिसते. परंतु तो घोडा, की कुत्रा, की कोणाचे येणे, हे अक्षर सांगत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘बर अम्रा’ नावाचा आहोम-असमिया शब्दकोश तयार झाला. त्यात एकाच लिहिलेल्या अक्षरापुढे एकमेकांशी संबंध नसलेले अनेक अर्थ ओळीने येतात. गोलापचंद्र बरुआ ह्यांच्या १९२० च्या कोशातही सुरांची नोंद नाही. आज संशोधक फाके, खामती, ऐतोन ह्या आसाम-अरुणाचलातील जिवंत ताई बोलींशी ताडून एकेका शब्दाचा हरवलेला सूर शोधतात. त्या बोलीही छोट्या समाजांच्या आहेत. त्या नसत्या तर सहाशे वर्षांच्या राजवटीच्या बखरी अर्ध्याअधिक मुक्या झाल्या असत्या.

आहोम आणि वेद ह्यांची तुलना येथे आपोआप उभी राहते. एकीकडे राजसत्ता, लिपी आणि ग्रंथसंग्रह असून सूर हरवले. दुसरीकडे बोलण्यातून सूर जाऊन दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी पदपाठ, क्रमपाठ, मान आणि हात ह्यांच्या खुणा आणि गुरूने शिष्याच्या कानात घातलेला उच्चार ह्यांच्या बळावर ते उरले. शुक्ल यजुर्वेदी वैदिक आजही हस्तस्वर दाखवून पठण करतात. १९२८ साली पुण्यात स्थापन झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह ऋग्वेद सस्वर छापला. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेस मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान्यता दिली. ती परंपरा नसती, तर पाणिनीचे सुरांविषयीचे नियम अर्थहीन सूत्रे होऊन पडले असते, आणि ‘फाटर’ व ‘ब्रूडर’ ह्यांचे कोडेही सुटले नसते.

परंतु वेदाला जे पुण्य लाभले ते मेळघाटच्या कोरकूला किंवा सातपुड्याच्या बोलींना लाभलेले नाही. त्यांच्यासाठी पिढ्यानुपिढ्या उच्चार घोटणारी शाळा नाही. मराठी शाळेत जाणारे कोरकू मूल देवनागरीत आपली भाषा लिहू लागले तर त्या लिपीत नीच सुराला खूण नाही. आहोम पोथीत नव्हती तशीच. सुदैवाने आजच्या काळाला एक साधन मिळाले आहे जे बुरंजी लिहिणाऱ्यास नव्हते. ग्रियर्सनच्या पाहणीच्या उत्तरकाळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोली उतरविण्यास प्रारंभ झाला. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे ह्यांच्या संपादनाखाली २०१३ साली निघाला. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण हाती घेतले. कागदावर अक्षर राहते. मुद्रित ध्वनीत अक्षराबरोबर त्याचा चढउतार राहतो, श्वास राहतो, हश्रुतीही राहते. आज ज्या फरकाला कोणी अर्थ देत नाही, तोच उद्या अर्थाचा आधार होऊ शकतो, हे ताई भाषांनी दाखविलेच आहे.

भाषेला आपले ध्वनी कायम ठेवता येत नाहीत आणि ते तसे ठेवावे असा आग्रहही व्यर्थ आहे. व्यंजन झिजते, त्याचे काम सुराकडे जाते. सूर झिजतो, त्याचे काम शब्दांच्या क्रमाकडे किंवा आघाताकडे जाते. बोलणारे थांबत नाहीत तोवर ही देवघेव अखंड चालू राहते आणि अर्थाला क्वचितच तोटा येतो. तोटा येतो तो बोलणारे थांबतात आणि त्यांचा उच्चार कोणी उचलून ठेवलेला नसतो तेव्हा. त्वष्ट्याच्या एका चुकलेल्या सुराने त्याचा पुत्र गेला, असे पुराणकथा सांगते. आहोमांच्या न नोंदलेल्या सुरांनी सहाशे वर्षांची वाचा अडली, हे इतिहास सांगतो.